ड्रॅगनचं एक नख

राखीसाठी माहेरी गेलेल्या बायका परत येताना साडी आणतात, नाहीतर कुरडयांचा डबा. प्रेरणा दारव्ह्याहून आली ती बुटाचं एक खोकं काखेत मारून. खोक्याला चिकटपट्टीचे इतके वेढे होते की कळंबच्या बसस्टँडवर तिला घ्यायला आलेल्या नवऱ्याने, अमरने, गाडी सुरू करण्याआधी विचारलं, "यात जितं जनावर हाये का काही?"

"सैन्य हाये," प्रेरणा म्हणाली आणि मागे बसली.

सैन्यच होतं. बोटाच्या दोन पेरांएवढे प्लास्टिकचे तीस पुतळे: नाकाड बुटके, सुळे बाहेर आलेले धिप्पाड गडी, चिलखत घातलेले चार घोडेस्वार, गुडघ्यापर्यंत दाढी असलेला एक जादूगार. आणि या सगळ्यांच्या मधोमध, जुन्या नॅपकिनात गुंडाळलेला, तळहाताएवढा एक ड्रॅगन. पुण्याला डिप्लोमा करताना होस्टेलच्या चार मुली दर रविवारी फासे टाकून या फौजांची लढाई खेळत. पुतळे करड्या रंगाचे येत आणि ज्याने त्याने आपली फौज आपण रंगवायची असा रिवाज होता. चौघींत प्रेरणाचा हात सगळ्यात बारीक. म्हणूनच तिची फौज सगळ्यात देखणी होती आणि सगळ्यात अपुरीही. सात पुतळे पूर्ण, ड्रॅगनचा एक पंख पूर्ण, बाकी सगळे करडेच्या करडे. मग परीक्षा आल्या, नोकरी आली, लग्न आलं. ती भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक झाली आणि लोकांच्या शेतांच्या धुऱ्यांवरून होणारी भांडणं मीटर-सेंटीमीटरमध्ये बसवू लागली. फौज दारव्ह्याच्या कपाटावर राहिली.

अर्धवट सोडलेल्या कामाला तोंड दाखवायला माणूस लाजतो. नऊ वर्षं ती आईला "पुढच्या खेपेला नेते" म्हणत होती. या खेपेला आईने सरळ विचारलं, "नेतं का भंगारवाल्याले देऊ?" भंगार हा शब्द प्रेरणाने ऐकला. ती स्टुलावर चढली.

कळंबला आल्यावर तिने वरच्या खोलीत, तुरीच्या पोत्यांशेजारी, खिडकीपाशी बस्तान मांडलं. रंगाच्या चौदा बाटल्यांपैकी अकरा दगड झाल्या होत्या. तिने स्टेशनरीच्या दुकानातून मुली पणत्या रंगवतात ते रंग आणले. सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि नखं कापायच्या कात्रीने त्याचे केस आणखी कमी केले. डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर मिठाईच्या खोक्यातला बटर पेपर, त्यावर रंगाचे थेंब. असं केलं की रंग तासन्‌तास ओला राहतो. सासरे मारोतराव पंचांग वाचायला वापरत ते भिंगही तिने मागून आणलं. कशाला ते त्यांनी विचारलं नाही. मारोतरावांना घरातल्या बायकांना काही विचारण्याची फारशी सवय नव्हती, आणि त्यामुळे त्यांचं बरं चाललं होतं.

पहिल्या दिवशी एका बुटक्याच्या नाकाचा रंग त्याच्या डोळ्यात गेला. दुसऱ्या दिवशी कानात. प्रेरणाला वाटलं, गेला हात. पण चौथ्या दिवशी ढालीच्या कडेवरून पिवळी रेघ अशी सरळ आली की तिने ब्रश खाली ठेवला आणि एकटीच हसली. दिवसभर शेतात उभं राहून दोन भावांची तोंडं बघायची, घरी येऊन भाकरी थापायच्या, या दोन्हींच्या मधला हा एक तास कुणाचाच नव्हता. तो तिचा होता. किती वर्षांनी असं काही तिचं होतं, हे तिला त्या खिडकीपाशीच कळलं.

अर्थात सांगितलं तिने कुणालाच नाही. तालुक्यातले शेतकरी जिला मॅडम म्हणतात, ती बत्तीस वर्षांची बाई वरच्या खोलीत बसून राक्षसांची नाकं रंगवते, हे सांगायचं तरी कसं?

सासूबाईंना मात्र सांगावं लागलंच नाही. इंदूबाई तूर काढायला वर आल्या, त्यांनी पाहिलं. दोन मिनिटं मागे उभ्या राहिल्या. "बारीक काम हाये," एवढंच म्हणून खाली गेल्या. थोड्या वेळाने चहा वर आला. दुसऱ्या दिवशी प्रेरणा स्वयंपाकघरात शिरली तर इंदूबाईंनी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"तू जाय वर. तुले काम हाये."

पोळा झाला, भाद्रपद लागला. भिंतींना चुना लागला, पितळेची भांडी चिंचेने घासून निघाली, डाळी दळून आल्या. यातलं एकही काम प्रेरणाच्या वाट्याला आलं नाही. सासू घाम गाळतेय आणि सून वर बसून ड्रॅगनच्या शेपटीला खवले काढतेय, असं दृश्य यवतमाळ जिल्ह्यात क्वचितच दिसत असेल.

"तुमच्या आईले समजलं," ती अमरला भारावून म्हणाली. "माणसाले आपलं असं काही पायजे, हे त्यांले समजलं."

अमर विचारात पडला. "आईले? माह्या कॅरम बोर्डावर तिनं दोन उन्हाळे पापड वाळवले."

इथे प्रेरणाने जरा डोकं चालवायला हवं होतं. भाद्रपदात त्या घरात, त्या गल्लीत, झाडून सगळ्यांचं एकच काम चालतं: महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा तीन दिवस घरी येतात, त्यांचे मुखवटे बसतात, साड्या नेसवतात, पुढ्यात पायऱ्या लावून आरास मांडतात, आणि मग सगळी गल्ली एकमेकांच्या आराशी बघायला फिरते. गेल्या वर्षी समोरच्या कौसल्याबाईंनी विजेवर चालणारं, रंग बदलणारं कारंजं ठेवलं होतं. इंदूबाईंकडे तीच ती मातीची फळं आणि तीच ती बाहुली. तीन दिवस त्या कारंज्याचं कौतुक ऐकून त्यांचे कान किटले होते. आणि आता ऐन भाद्रपदात सून कुणाला न सांगता रोज संध्याकाळी काहीतरी चिमुकलं रंगवत बसते. कुणीही काय समजेल? इंदूबाई तेच समजल्या. आणि न विचारता केलेल्या कामाला विचारून नजर लावू नये, म्हणून त्या गप्प राहिल्या.

लक्ष्म्या येण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत अठरा पुतळे झाले होते. वर पोत्यांची धूळ फार, आणि ओल्या रंगावर धूळ बसली की सगळं वाया. समोरची खोली नुकती चुन्याने पोतलेली, स्वच्छ, खिडक्या बंद. प्रेरणाने सगळी फौज, रंगलेली आणि करडी, एका पाटावर मांडली आणि तो पाट त्या खोलीत कोपऱ्यात ठेवला. सकाळी तिला जोडमोह्याकडे मोजणी होती. तारीख आधीच दिलेली, लोक वाट बघत असणार. पुढचे दोन दिवस तिची रजा होती. ती सातलाच निघून गेली.

परत आली तेव्हा पाच वाजले होते आणि दारात चपलांचा खच होता.

उंबऱ्यापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं गेली होती. आत ज्येष्ठा-कनिष्ठा हिरव्या आणि जांभळ्या काठपदरात उभ्या होत्या, डोक्यावर फुलोऱ्याच्या करंज्या लटकत होत्या. आणि त्यांच्या पुढ्यात, तीन पायऱ्यांवर, प्रेरणाची सगळी फौज. वरच्या पायरीवर घोडेस्वार. मधल्या पायरीवर सुळेवाले, ओळीने, जशी शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी राहतात. खालच्या पायरीवर बुटके, त्यांच्यामध्ये एकेक मातीचं वांगं आणि भेंडी. मधोमध पालथ्या घंगाळावर हिरवं कापड घालून केलेल्या डोंगरावर ड्रॅगन. त्याचा डावा पंख हिरवा-सोनेरी, उजवा करडा, आणि कपाळाला हळदीकुंकू.

"हे सारं आमच्या प्रेरणानं केलं," इंदूबाई बायकांना सांगत होत्या. "महिनाभर वर बसून. कोनाले काही बोलली नाई."

बायका वाकवाकून बघत होत्या. कौसल्याबाईंनी चष्मा वर केला. "हे काय हाये इंदूबाई? मगर हाये का?"

"वाहन हाये."

"कोनाचं?"

"ते अजून ठरलं नाई," इंदूबाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांच्या हातात साखर-फुटाणे ठेवले.

प्रेरणा दारातच उभी राहिली. तिला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर छातीही जरा फुगली. नऊ वर्षांत तिचं काम कुणी पाहिलं नव्हतं आणि आज अख्खी गल्ली वाकून बघत होती. सासूबाईंचा चेहरा तर असा उजळला होता की कारंजं काय उजळेल. गैरसमज झालाय, तर झालाय. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. मग उचलून पुन्हा वर नेऊ.

असं ती अमरला म्हणाली तेव्हा तो कपडे बदलता बदलता थांबला.

"नेऊ? कोठं नेऊ?"

"वर. बारा बाकी हायेत अजून. आन ड्रॅगनचा पंख."

"प्रेरणा," अमर पलंगावर बसला, "लक्ष्म्यांसमोर मांडलं ते लक्ष्म्यांचं. ते मंग पेटीत जाते."

या घरातला हा नियम तिला लग्नानंतरच्या तीन वर्षांत कळला नव्हता, कारण तिने तीन वर्षांत काही मांडलंच नव्हतं. माळ्यावर एक हिरवी लोखंडी पेटी होती, इतकी जड की दोन माणसांशिवाय उतरत नसे. लक्ष्म्यांपुढे एकदा बसलेली वस्तू तीत जाई. ती घरात वापरायची नाही, कुणाला द्यायची नाही, वर्षातून तीन दिवस बाहेर काढायची, मांडायची आणि परत ठेवायची. अमरची चावीची मोटार तो सहा वर्षांचा असताना कुणीतरी शोभेला ठेवली आणि गेली. मारोतरावांचा चांगला पितळी टॉर्च एका वर्षी आरतीच्या वेळी वीज गेली म्हणून मुखवट्यांमागे उभा केला, तो तेव्हापासून लक्ष्म्यांचा झाला. मारोतराव दरवर्षी तीन दिवस त्याच्याकडे बघत आणि उरलेलं वर्ष प्लास्टिकच्या टॉर्चवर काढत.

"तुम्ही आईले सांगा ना," प्रेरणा म्हणाली.

"मले माही मोटार नाई भेटली. तुले ड्रॅगन भेटन?"

त्या रात्री प्रेरणाला झोप लागली नाही असं म्हणणार नाही. दिवसभर उन्हात मोजणीची साखळी ओढलेली बाई झोपतेच. पण सकाळी जाग आली ती त्या करड्या पंखाच्या विचारानेच. पुढच्या वर्षी तीन दिवस. त्याच्या पुढच्या वर्षी तीन दिवस. आणि ते तीन दिवस हातही लावायचा नाही. हौस संपली म्हणून काम सुटलं असतं तर तिला एवढं वाटलं नसतं. नऊ वर्षांनी हौस परत आली होती, आणि नेमकी आता पेटीला कुलूप लागणार होतं.

दुसरा दिवस म्हणजे जेवणाचा. सोळा भाज्या, पुरणाच्या पोळ्या, ज्वारीची आंबील, कढी, वडे. पंगती उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. तीन वाजता सगळे अंगणात पान खात बसले आणि समोरच्या खोलीत प्रेरणा एकटी राहिली. तिने ड्रॅगनकडे पाहिलं. ओच्यात घातला तर कुणाला कळेल? घंगाळावर एखादं मातीचं सीताफळ ठेवलं की झालं. तिने हात पुढे केला.

ड्रॅगनच्या पायांपाशी तांदळाचे चार दाणे आणि शेवंतीची एक पाकळी होती. कपाळावरचं कुंकू जरा ओघळून नाकावर आलं होतं. सासूबाईंनी सकाळी प्रत्येक बुटक्याला, प्रत्येक राक्षसाला, करड्या असोत की रंगलेल्या, वेगवेगळं बोट लावलं होतं. एकतीस वेळा. प्रेरणाचा हात तिथेच थांबला.

"पाया पडून राह्यली का?" मागून इंदूबाई आल्या. "पड. लय केलं तू."

प्रेरणा खरोखरच पाया पडली. आता दुसरं करणार काय? इंदूबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या. पहाटे चारपासून त्या उभ्याच होत्या. त्यांची नजर लक्ष्म्यांच्या वर गेली. तिथे मोत्यांचं एक तोरण होतं, पण अर्धंच. डावीकडे लाल चोचीचा एक पोपट, उजवीकडे नुसते लोंबते दोरे. प्रेरणाला नेहमी वाटायचं, अर्धं उंदरांनी खाल्लं असेल.

"आई, ते तोरण तुटलं का?"

"तुटलं नाई. झालंच नाई." इंदूबाईंनी पायाची बोटं दाबली. "लग्न होऊन आली तवा माह्या हातात होतं ते. मायनं मोती देल्ले होते. दोन पोपट यायचे होते समोरासमोर. एक झाला, आन लक्ष्म्या आल्या. सासूबाईंनी सार्‍या बायांले दाखोलं, सुनेनं केलं म्हनून वर बांधलं. मले लय आनंद झाला. मंग तिसऱ्या दिशी ते पेटीत गेलं. उरलेले मोती बी."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी काय? तीन दिवसांत पुरन शिजवू का मोती ओवू?" इंदूबाई हसल्या. "एकेचाळीस वर्षं झाले. तो पोपट एकटाच हाये."

त्या इतक्या सहज बोलल्या की बाहेरून मारोतरावांनी चुना मागितला तेव्हा लगेच उठून गेल्याही. प्रेरणा मात्र पोपटाकडे बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दहीभाताचा नैवेद्य झाला, आरती झाली. इंदूबाईंनी अक्षता टाकल्या आणि दोन्ही मुखवटे जागचे हलवले. अमरने आणि शेजारच्या एकाने पेटी खोलीच्या मधोमध आणून ठेवली. शेजारी गेला. मारोतराव खुर्चीत बसले होते. इंदूबाई एकेक वस्तू पुसून, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत ठेवू लागल्या. मातीची फळं गेली. बाहुली गेली, अमरची मोटार गेली. टॉर्च गेला, मारोतरावांनी तो जाईपर्यंत पाहिला. मग इंदूबाईंनी पहिला घोडेस्वार उचलला.

"आई," प्रेरणा म्हणाली.

"हं."

"मी हे लक्ष्म्यांसाठी नोतं केलं."

अमरने छताकडे पाहिलं. इंदूबाईंचा हात थांबला. घोडेस्वार त्यांच्या चिमटीत तसाच उभा राहिला, तलवार उपसून.

"मंग कोनासाठी?"

"माह्यासाठी."

"म्हंजे, इकायले?"

"नाही. नुसतंच."

प्रेरणाला वाटलं, झालं. सगळ्या गल्लीत जिचं नाव केलं, त्याच सुनेने आता तोंडावर सांगितलं की तुम्ही समजलात ते खोटं. तिला स्वतःचीच चीड आली. पहिल्या चहाच्या वेळीच का नाही सांगितलं? फुकटचा मान खाल्ला तीन आठवडे, लाटणं हातात घेतलं नाही. ती भराभरा बोलू लागली. पुण्याचं होस्टेल, फासे, नऊ वर्षं, बंद खोकं, खिडकीपाशी तो एक तास. "तुम्ही मले वर पाठवत होत्या, मले वाटलं तुम्हाले समजलं. मीच सांगायले पायजे होतं. मले माफ करा. पण हे पेटीत नका ठेवू, आई. माह्यानं नाही पाहवणार."

इंदूबाईंनी घोडेस्वार खाली ठेवला आणि ड्रॅगन उचलला. हिरव्या पंखावरून अंगठा फिरवला. मग उलटा करून करड्या पंखावरून फिरवला. भिंगाशिवाय त्यांना खवले दिसत नव्हते, पण बोटांना कळत असावेत.

"हा पंख राह्यला," त्या म्हणाल्या.

"हो."

"आन हे बारके बारा बी."

"हो, आई."

इंदूबाईंनी ड्रॅगनच्या कपाळाचं कुंकू पदराने पुसलं आणि तो प्रेरणाच्या हातात दिला. "अर्धवट वस्तू पेटीत ठेवत नाईत."

मारोतराव खुर्चीत पुढे सरकले. "हे कवापासून?"

"पयलेपासून. तुमाले कोनी सांगतलं नसन."

मारोतराव त्या घरात बासष्ट वर्षं राहत होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि ते पुन्हा खुर्चीत मागे टेकले. इंदूबाई बुटके गोळा करून ताटात ठेवू लागल्या, जसं काही झालंच नाही. प्रेरणाने आभार मानावे तरी कसे, सासूला कुणी आभार म्हणतं का? आणि तेवढ्यात तिचं लक्ष पेटीकडे गेलं. कडेला, घडी करून, वर्तमानपत्रात ठेवलेलं ते तोरण. पोपटाची लाल चोच कागदातून बाहेर आली होती.

तिने वाकून ते उचललं.

"मग हे बी नाही ठेवता येत, आई."

इंदूबाईंचे हात ताटावर राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी ते तोरण चाळीस-एक वेळा पेटीतून काढलं होतं आणि तितक्याच वेळा पेटीत ठेवलं होतं. आत्ता तयार केलेला नियम त्यांच्याच अंगावर येईल हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, मग हलवलेल्या मुखवट्यांकडे.

"माहे डोये राह्यले नाई आता मोती ओवायले," त्या हळूच म्हणाल्या.

"सुई मी ओवून देईन."

इंदूबाईंनी हात पुढे केला आणि तोरण घेतलं. पेटीत खाली हात घालून मोत्यांची जुनी पुडीही काढली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही.

"मंग माहा टॉर्च?" मारोतरावांनी विचारलं.

"तो पुरा हाये."

"आन मोटारीची चावी हरवली हाये," अमर घाईने म्हणाला, "म्हंजे ती अर्धवटच झाली."

"चावी पेटीतच हाये. मीच ठेवली," इंदूबाई म्हणाल्या आणि झाकण लावलं.

कार्तिक लागला तशी रविवारची दुपार गच्चीवर जाऊ लागली. खाली अंगणात कापूस येऊन पडत होता, अमर आणि मारोतराव त्यात गुंतलेले. वर दोघी सतरंजीवर. प्रेरणा दहा-दहा सुया एकदम ओवून उशीला टोचून ठेवी आणि मग आपला ब्रश घेई. इंदूबाईंनी मोतीबिंदू काढून घेतला, तो त्या पोपटासाठी की डॉक्टरांच्या सांगण्यावरून, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मोती कमी पडले तेव्हा यवतमाळहून आणले. जुना लाल आणि नवा लाल जुळला नाही, तर दोन दिवस त्या जेवल्या नाहीत नीट. पोळ्या कधी जाड झाल्या, भाजी कधी एकच झाली. कौसल्याबाई गच्चीवर डोकावून विचारत, "काय चाललं व?" आणि दोघी एकदम म्हणत, "काही नाई, बारीक काम."

आषाढ संपता संपता उजवा पंख झाला. सगळे बुटके झाले. जादूगाराच्या दाढीत तिने पांढऱ्याच्या चार छटा घातल्या. भाद्रपदाच्या तोंडावर जेमतेम काम उरलं आणि तेव्हा प्रेरणाच्या लक्षात आलं: पूर्ण वस्तू पेटीत जाते. तोच तर नियम होता. तिने ड्रॅगन भिंगाखाली धरला, खूप वेळ पाहिला आणि ब्रश धुऊन ठेवला.

लक्ष्म्या आल्या. आरास मांडताना प्रेरणाने आपल्या हातांनी ड्रॅगन डोंगरावर बसवला, दोन्ही पंख पसरलेले. अमरने स्टुलावर चढून तोरण बांधलं. दोन पोपट समोरासमोर, मधे आंब्याची कैरी. ते बघायला प्रेरणा मागे सरली आणि तिला दिसलं: डावीकडच्या पोपटाला काळा डोळा होता. उजवीकडच्याला नव्हता. तिथे एका मोत्याची जागा रिकामी होती.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. इंदूबाई वाकून ड्रॅगनला कुंकू लावत होत्या. लावता लावता त्या जरा थांबल्या. नव्या डोळ्यांनी त्यांना आता सगळं दिसत होतं. ड्रॅगनच्या डाव्या पायाचं मधलं नख करडं होतं.

"पुरं नाई झालं का व?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नाही आई. सैन्य पुरं नाही झालं, एक नख राह्यलं. तुमचं?"

"डोया राह्यला. काया मोती भेटला नाई."

काळ्या मोत्यांची अख्खी पुडी उशीखाली पडली होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. "पाहू मंग पुढच्या वर्षी," इंदूबाई म्हणाल्या आणि पुढच्या बुटक्याकडे वळल्या.

तिसऱ्या दिवशी पेटी भरताना मारोतराव खुर्चीवरून उठून आले. त्यांच्या हातात पितळी टॉर्च होता. "याची काच निघाली," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. काच त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती, खिसा गोल फुगलेला दिसत होता. इंदूबाईंनी खिशाकडे पाहिलं, टॉर्चकडे पाहिलं.

"मंग तो बाहेरच राहू द्या," त्या म्हणाल्या.

फळं, बाहुली आणि मोटार ठेवून त्यांनी झाकण लावलं. पेटी चढवायला शेजाऱ्याला बोलवावं लागलं नाही. एक टॉर्च आणि एक तोरण कमी झाल्याने पेटी कितीशी हलकी होणार, पण अमरने ती एकट्याने उचलली आणि माळ्यावर सरकवली.